चिमणी घेण्याआधी तिच्या पाईपची वाट ठरवा

चिमणीच्या दुकानात शिरलं की पहिल्यांदा कानावर पडतो तो सक्शनचा आकडा. १२०० घ्या, १४०० घ्या, तुमच्याकडे फोडण्या जास्त म्हणजे १५०० लागेलच. हा आकडा म्हणजे ताशी किती घनमीटर हवा ओढली जाते त्याचा, आणि बहुतेक वेळा तो पुढे पाईप न जोडता, मोकळ्या तोंडाने मोजलेला असतो. घरी मात्र तीच हवा पाईपमधून, एकदोन वळणं घेऊन, भिंतीतल्या भोकातून बाहेर पडायची असते. पाईप नीट असेल तर हजाराची साधी चिमणीही मिरचीचा ठसका घरात राहू देत नाही. पाईप चुकला तर पंधराशेची नुसती गुरगुरते आणि खालून धूर कडेकडेने निसटत राहतो.

मी पुण्यात स्वयंपाकघरांची कामं करते. माझ्या अनुभवात चिमणीच्या दहातल्या आठ तक्रारी यंत्राच्या नसतात, पाईपच्या असतात. आणि त्याचं कारण एकच: ओटा झाला, टाइल्स लागल्या, ट्रॉल्या आल्या, चिमणीही आली, मग फिटर उभा राहून विचारतो, "पाईप कुठून काढू?" तोवर सगळे सोपे रस्ते बंद झालेले असतात. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या, आणि शक्यतो घराला टाइल्स लागायच्या आधी.

सुरुवातीला एक शब्द नीट करून घेऊ. इंटिरियरवाले चिमणीच्या पाईपलाही डक्ट म्हणतात आणि इमारतीतल्या ड्रेनेजच्या पाईपांसाठी ठेवलेल्या उभ्या बोळालाही डक्टच म्हणतात. फोनवर बोलताना यातून फार घोळ होतात. "डक्टमधून काढा" असं सांगून लोक मोकळे होतात आणि फिटर खरंच त्या बोळात भोक पाडून ठेवतो. या लेखात चिमणीचा तो पाईप, आणि इमारतीचा तो डक्ट.

पहिली पायरी: धूर नेमका कुठे सोडायचा

धूर बाहेर गेला पाहिजे, म्हणजे उघड्या आभाळाखाली. ओट्यामागची भिंत बाहेरची असेल तर याहून चांगलं काही नाही. सरळ मागे निघा, दीड-दोन फुटांत काम संपतं. ती भिंत आतली असेल तर जवळची खिडकी किंवा तिच्या वरचा व्हेंटिलेटर बघा.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते, आणि फिटरला तीच सगळ्यात सोयीची वाटते. भिंतीला भोक, पलीकडे टोपी, अर्ध्या तासात मोकळा. पण बाल्कनीत वॉशिंग मशीन असतं, दोऱ्यांवर कपडे असतात. सहा महिन्यांत बाल्कनीच्या छताला पिवळट चिकट थर धरतो आणि धुतलेल्या चादरींना मोहरीच्या फोडणीचा वास येऊ लागतो. शिवाय दार उघडं असलं की तीच हवा परत स्वयंपाकघरात येते. ड्राय बाल्कनीतून जायचंच असेल तर पाईप बाल्कनीच्या छताला लागून थेट ग्रिलपर्यंत न्या आणि तोंड ग्रिलच्या बाहेर काढा. चार-पाच फूट पाईप वाढतो, वाढू द्या.

इमारतीच्या डक्टमध्ये धूर सोडू नका. त्या बोळात वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. तुमच्याकडे सुके बोंबील भाजले की वरच्या घरातल्या माणसाला अंघोळ करताना ते कळतं, आणि कळलं की सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो. काही नव्या इमारतींत चिमण्यांसाठीच वेगळा उभा मार्ग बांधलेला असतो. तो असेल तर वापरा, पण बिल्डरच्या नकाशात तो खरंच चिमणीसाठी दाखवला आहे ना, हे बघून. तिथे चिमणीच्या तोंडाची झडप नीट मिटणं फार गरजेचं, नाहीतर दुसऱ्यांचा धूर तुमच्या ओट्यावर उतरेल.

फॉल्स सीलिंगच्या पोकळीत किंवा माळ्यावर धूर सोडून देणं तर सरळ धोक्याचं आहे. मी एका घरात माळा उघडला तर आत पाईपचं तोंड मोकळं, आणि जुन्या बॅगांवर, कागदाच्या खोक्यांवर तेलाचा थर. बाजूलाच वायरिंग होतं. आग लागायला आणखी काय लागतं?

जागा ठरली की सोसायटीला लेखी अर्ज द्या. बाहेरच्या भिंतीला भोक पाडणं म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागाला हात लावणं, आणि बऱ्याच सोसायट्यांचे त्याबद्दल ठराव असतात. आणि वरच्या मजल्यावरची खिडकी आपल्या तोंडाच्या थेट वर येते का, हे खाली उतरून, मान वर करून एकदा बघाच. दोन-तीन फूट बाजूला सरकणं शक्य असेल तर सरका.

दुसरी पायरी: टेप आणि खडू

आता भिंतीवर खडूने रेषा मारायच्या. ही पायरी लोक गाळतात आणि इथेच सगळं फसतं. म्हणून एका घराची मापं जशीच्या तशी देते.

ओट्याची उंची जमिनीपासून ३४ इंच. वर ठेवलेल्या शेगडीची जाळी आणखी ४ इंच, म्हणजे ३८. शेगडीपासून चिमणीच्या खालच्या कडेपर्यंत साधारण २६ ते ३० इंच ठेवतात. नेमकं अंतर तुमच्या चिमणीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं आणि तेच पाळायचं. इथे २६ घेतले: ६४ इंच. चिमणीचं धड १६ इंचांचं, म्हणजे तिचं वरचं तोंड आलं ८० इंचांवर, ६ फूट ८ इंच. तोंडातून पाईप निदान ६ इंच सरळ वर गेला, मग ६ इंची गोल वळण घेतलं, तर आडव्या पाईपचा मध्य येतो ९२ इंचांवर. ७ फूट ८ इंच. भोक साडेसहा इंचांचं, म्हणजे त्याची वरची कड साधारण ७ फूट सव्वाअकरा इंचांवर.

आणि बीम? स्लॅब साडेनऊ फुटांवर, बीम तिथून दीड फूट खाली आलेला. बीमचा तळ बरोबर ८ फुटांवर. म्हणजे भोक आणि बीम यांच्यात राहिला पाऊण इंच!

त्या घरात कर्त्या बाई उंच होत्या, त्यांना चिमणी २८ इंचांवर हवी होती. ते दोन इंच मिळाले नाहीत. मिळवायचे तर एक तर बीममध्ये घुसावं लागलं असतं, जे कधीही करायचं नाही, नाहीतर वळण आखूड, चेपलेलं करावं लागलं असतं. शेवटी धडाची उंची कमी असलेलं दुसरं मॉडेल शोधलं आणि २८ इंच साधले. खडूची रेष आधी मारली होती म्हणून हे दुकानात पैसे भरायच्या आधी कळलं.

जमलं तर चिमणीच्या तोंडापासून पहिल्या वळणापर्यंत एक-दीड फूट सरळ पाईप ठेवावा. पंख्यातून सुटलेली हवा घुसळत बाहेर पडते, तिला सरळ व्हायला थोडी जागा मिळाली की आवाज आणि अडथळा दोन्ही कमी होतात. फ्लॅटमध्ये एवढी उंची क्वचित मिळते. बंगल्यात मिळते, तिथे ती सोडू नका.

याच वेळी आणखी दोन खुणा करा. चिमणी शेगडीच्या बरोबर मध्यावर यायची, म्हणून ओळंबा टाकून मधली उभी रेष. आणि विजेचा पॉइंट. तो पाईपच्या वाटेत किंवा चिमणीच्या धडामागे नको, बाजूला, स्टुलावर चढून हात पोहोचेल असा हवा. पॉइंट नेमका भोकाच्या जागी आलेला आणि मग टाइल फोडून सरकवलेला मी अनेकदा पाहिला आहे. गॅसची पाईपलाईन भिंतीवरून जात असेल तर तीही खडूने दाखवा. तिला लागून ड्रिल चालवायचं नाही.

तिसरी पायरी: पाईपची रुंदी

सहा इंच. म्हणजे १५० मिलिमीटर.

चिमणीचं तोंड सहा इंची असेल तर पाईप शेवटपर्यंत सहा इंचीच. फिटरकडे बहुधा लहान पाईपचा जोड असतो आणि भोक आधीच लहान पडलेलं असलं की तो म्हणतो, "चार इंचीत काढतो, काही फरक पडत नाही." फरक किती पडतो ते बघा. सहा इंची पाईपचं तोंड २८ चौरस इंचांचं, पाच इंचीचं साडेएकोणीस, चार इंचीचं साडेबारा. म्हणजे सहाचं चार केलं की वाट निम्म्याहून कमी उरते. ताशी ६०० घनमीटर हवा सहा इंची पाईपमधून साधारण ताशी ३४ किलोमीटर वेगाने जाते. चार इंचीतून तेवढीच हवा काढायची तर तिला ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास धावावं लागेल, आणि तेवढ्याच लांबीला घर्षणाचा अडथळा सुमारे साडेसात पट होईल. पंख्यात एवढं बळ नसतं. मग हवा कमी जाते, मोटर तापते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. ज्या घरात चिमणी लावली की टीव्ही ऐकू येत नाही, तिथे आधी पाईपची रुंदी मोजा.

पाच इंची? चिमणीचं तोंडच पाच इंची असेल तर ठीक. सहाचं पाच करणं हा नाइलाज, अडथळा तिथेही अडीच पट होतो.

जुन्या घरात पूर्वीच्या एक्झॉस्ट पंख्याचं भोक असतं, ते पुष्कळदा चांगलं मोठं असतं. ते वापरायला हरकत नाही, पाईपभोवतीची मोकळी जागा मात्र पक्की बुजवून घ्या.

चौथी पायरी: लांबी आणि वळणं

लांबीपेक्षा वळणं जास्त नडतात. ढोबळ हिशेबाला सहा इंची पाईपचं एक काटकोनी वळण म्हणजे दहा फूट सरळ पाईप समजा. मग आठ फुटांचा पाईप आणि तीन वळणं म्हणजे कागदावर आठ फूट, हवेला अडतीस फूट. उलट बारा फुटांचा पाईप आणि एकच वळण म्हणजे बावीस. लांबचा रस्ता कधी कधी जवळचा ठरतो तो असा.

माझा नेम असा आहे: दहा फुटांच्या आत आणि दोन वळणांच्या आत सगळं बसवायचं. बसत नसेल तर शेगडीची जागा बदलता येते का ते बघायचं. घर बांधून तयार असलं तरी ओटा व्हायचा असेल तर शेगडी दोन-तीन फूट सरकवणं अवघड नसतं. एका घरात शेगडी ओट्याच्या आतल्या टोकाला होती आणि खिडकी दुसऱ्या टोकाला, मध्ये चौदा फूट. आम्ही शेगडी आणि सिंक यांच्या जागांची अदलाबदल केली. पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन हलवावी लागली, खर्च आला, पण पाईप चार फुटांवर आला. प्रत्येक घरी हे परवडेल असं नाही. निदान विचार करून नाही म्हणावं.

वळण घ्यायचंच तर गोल, ऐसपैस घ्या. काटकोनात मोडलेला पाईप आणि हळूच वळलेला पाईप यांत फार अंतर आहे. जिथे जागा आहे तिथे एका काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं, मध्ये थोडा सरळ तुकडा ठेवून, चांगली चालतात. एक वळण संपल्या संपल्या लगेच दुसरं उलट्या दिशेने घेऊ नका.

आडवा पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, दर फुटाला पाव इंच पुरे. वाफ पाईपमध्ये थंड होऊन पाणी होते, त्यात तेल असतं. उतार आत असेल तर तो काळपट रस चिमणीच्या मोटरवर आणि तिथून कढईत. तेच पावसाच्या पाण्याचं.

पाचवी पायरी: पाईप कशाचा

चंदेरी घडीचा ॲल्युमिनियमचा लवचीक पाईप सगळ्यात जास्त वापरला जातो. स्वस्त असतो, कसाही वाकतो, आणि कसाही वाकतो हाच त्याचा दोष आहे. दहा फुटांचा पाईप आणतात, अंतर पाच फुटांचं असतं, आणि उरलेला कापण्याऐवजी दाबून आत कोंबतात. मग त्याच्या घड्या अकॉर्डियनसारख्या जवळ येतात, आतली बाजू खरबरीत होते, प्रत्येक घडीत तेल साचतं. हा पाईप वापरायचा तर पूर्ण ताणून, उरलेला कापून. फिटर गेल्यावर नव्हे, तो समोर असतानाच बघा. पाईप हाताला ताठ लागला पाहिजे, मध्ये झोळ नको, दर दोन-तीन फुटांना पट्टीचा आधार हवा.

पांढरा किंवा करडा प्लास्टिकचा लवचीक पाईप चिमणीबरोबर कधी कधी फुकट येतो. मी तो लावत नाही. तेलकट हवा, खाली ज्योत, आणि पेट घेणारं प्लास्टिक, हे एका जागी नको. ड्रेनेजला वापरतात तो ११० किंवा १६० मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाईपही बरेच जण लावतात. आतून गुळगुळीत असल्याने हवा छान जाते हे खरं, पण आगीचा प्रश्न तिथेही तोच. आणि ११० चा तर चार इंचीच झाला.

माझी पसंती गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या गोल पाईपला. एसीच्या डक्टिंगची कामं करणारे पत्रेवाले तो मापाप्रमाणे करून देतात, वळणंही करून देतात. महाग पडतो, पण आतून गुळगुळीत, टिकाऊ, आणि दोन-तीन वर्षांनी काढून गरम पाण्याने धुता येतो. लवचीक पाईप धुता येत नाही, तो बदलावाच लागतो. सगळा पत्र्याचा जमत नसेल तर आडवी लांब धाव पत्र्याची आणि चिमणीच्या तोंडाशी फूटभर लवचीक, ही जोडी चांगली.

पत्र्याच्या तुकड्यांचे जोड लावताना चिमणीकडचा तुकडा पुढच्या तुकड्याच्या आत जायला हवा. हवा आणि तेल दोन्ही बाहेरच्या दिशेने सरकतात, अशा जोडातून तेल ठिबकत नाही. उलटा जोडला की वर्षभरात फॉल्स सीलिंगला तपकिरी डाग दिसतो. जोडांवर ॲल्युमिनियमची टेप आणि वरून क्लॅम्प. कापडी किंवा साधी चिकटपट्टी उष्णतेने सुटते. लांब स्क्रू वापरू नका, त्यांची टोकं आत डोकावतात आणि तिथे चिकट गोळे धरतात.

पाईप फॉल्स सीलिंगमधून जाणार असेल तर पोकळी निदान आठ इंचांची ठेवायला सांगा आणि वळणाच्या खाली सीलिंगलाच एक उघडता येणारं झाकण. तेवढी उंची नसेल तर १० बाय ३ इंचांचा चपटा पत्र्याचा पाईप करता येतो. त्याचं तोंड जवळपास तेवढंच असलं तरी त्यात घर्षण जास्त, म्हणून लहान अंतरालाच.

सहावी पायरी: भोक

विटांची किंवा ब्लॉकची भिंत असेल तर काम सरळ आहे. छिन्नी-हातोडीने पाडू नका, मशीनने गोल भोक कापणाऱ्या कोअर कटिंगवाल्याला बोलवा. छिन्नीने आतून सहा इंचांचं दिसणारं भोक बाहेरून फूटभर फुटतं, आणि तो भाग सातव्या मजल्यावरून प्लास्टर करायला कोण लटकणार?

भिंत काँक्रीटची असेल तर थांबा. मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या इमारतींत ती भिंतच इमारतीचा भार घेते. तिच्यातल्या सळ्या कापायच्या की नाही हे ना फिटर ठरवू शकतो ना मी. स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी मत घ्या, किंवा सरळ खिडकीचा रस्ता धरा. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही, यात अपवाद नाही.

कोअर कटिंगबद्दल एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. साडेसहा इंची आणि सहा इंच जाडीचा काँक्रीटचा जो गोल ठोकळा सुटतो, त्याचं वजन साडेसात-आठ किलो असतं. तो बाहेरच्या बाजूला निसटला तर खाली पार्किंग असतं, मुलं खेळत असतात. आधी बारीक ड्रिलने मधोमध आरपार छिद्र पाडून जागा तपासा, ठोकळ्याला अँकर, म्हणजे आत घट्ट बसणारा बोल्ट, लावून तार आत बांधून ठेवायला सांगा, आणि काम चालू असताना खाली एक माणूस उभा करून ती जागा मोकळी ठेवा. कटिंगवाले घाईत असतात. हे आपण म्हणायचं आणि ते झाल्याशिवाय मशीन चालू करू द्यायचं नाही.

मशीनला पाणी लागतं, त्याचा राखाडी चिखल ओट्यावर आणि ट्रॉल्यांत उतरतो. म्हणून हे काम फर्निचरच्या आधी. भोकालाही बाहेर किंचित उतार द्यायला सांगा.

खिडकीतून काढताना स्लायडिंगचा सरकता भाग घेऊ नका, वरची पक्की काच घ्या. साध्या काचेत काचवाला दुकानात गोल भोक पाडून देतो. टफन्ड काच मात्र एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकासकट नवीन करून घ्यावी लागते. मला काचेऐवजी त्या चौकटीत ॲल्युमिनियमचा पत्रा बसवणं जास्त पटतं. पाईप गरम होतो, थरथरतो, काच कधीतरी तडकतेच.

सातवी पायरी: बाहेरचं तोंड

बाहेरच्या टोकाला टोपी लागते, तिला दुकानात काऊल कव्हर म्हणतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. तुमचं तोंड पश्चिमेला किंवा दक्षिणेला असेल तर नुसत्या उघड्या पट्ट्यांची टोपी पुरत नाही, पाऊस आडवा आत घुसतो. खाली वाकलेल्या तोंडाची टोपी घ्या. हवेने उघडणारी आणि बंद झाल्यावर आपली आपण मिटणारी झडप असलेली टोपीही चांगली, पण वाऱ्याने ती रात्रभर खडखडते. तिच्या कडेला फोमची बारीक पट्टी लावून घ्या. प्लास्टिकच्या टोप्या उन्हाने दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात, धातूची घ्या.

आत मच्छरदाणीची बारीक जाळी कधीही बसवू नका. चार-सहा महिन्यांत तेलाने ती पूर्ण बुजते आणि चिमणी श्वास कोंडल्यासारखी चालते. कबुतरांसाठी अर्ध्या-पाऊण इंची मोठी जाळी पुरते, तीही हाताने काढून पुसता येईल अशी.

कौलारू किंवा पत्र्याच्या घरात पाईप सरळ वर काढण्याचा मोह होतो आणि तो बरोबरच आहे. जुन्या घरांची धुराडी तशीच असायची, गरम धूर आपणहून वर जातो. फक्त कौलाला भोक पडतं तिथे पत्र्याची पक्की झालर बसवा आणि पाईपच्या तळाशी तेल-पाणी गोळा होईल अशी वाटी ठेवा, नाहीतर ते सगळं चिमणीत उतरेल.

आठवी पायरी: बाहेर गेली तेवढी हवा आत कुठून येणार

आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साडेएकवीस घनमीटर हवा. चिमणीने खरोखर ताशी ६०० घनमीटर बाहेर टाकली तर दर दोन-सव्वादोन मिनिटांनी खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. खिडक्या-दारं घट्ट बंद असतील तर ती येणार कुठून? मग चिमणी नुसती गरगरते. एसी लावून, दार लोटून स्वयंपाक करणाऱ्या घरांत हे हमखास दिसतं. हॉलची किंवा पॅसेजची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. शेगडीलगतची खिडकी नको, कारण ज्योत हलते आणि धूर चिमणीखालून बाजूला उडतो. धुराचं तोंड ज्या खिडकीजवळ आहे ती तर मुळीच नको.

यात जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट आहे. घरात गॅसचा गीझर असेल, विशेषतः बाथरूममध्ये, आणि सगळं घर बंद ठेवून चिमणी जोरात चालवली, तर चिमणी त्या बाथरूममधली हवाही दाराच्या फटीतून ओढते. गीझरच्या जळालेल्या वायूंना बाहेरची वाट मिळायच्या ऐवजी ते घरात येतात. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, चक्कर येते आणि माणूस बेशुद्ध पडतो. गॅसचा गीझर बाथरूममध्ये ठेवूच नका, मोकळ्या ड्राय बाल्कनीत हलवा. तो हलेपर्यंत गीझर आणि चिमणी एकाच वेळी चालवायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, सांगून ठेवा.

पाईप निघतच नसेल तर

भाड्याचं घर, सोसायटी भोक पाडू देत नाही, आतली भिंत. अशा वेळी पाईपशिवाय चालणारी, कोळशाच्या फिल्टरची चिमणी मिळते. ती तेल अडवते, वास थोडा कमी करते आणि तीच हवा परत खोलीत सोडते. वाफ आणि उष्णता घरातच राहतात. कोळसा धुता येत नाही, वापराप्रमाणे तीन-सहा महिन्यांनी बदलावा लागतो. रोज दोन वेळच्या स्वयंपाकाला मी त्याऐवजी खिडकीत चांगला एक्झॉस्ट पंखा सुचवते. तो तेल अडवत नाही हे खरं, पण धूर बाहेर जातो.

बसवायच्या दिवशी

फिटर आला की त्याला चहा द्या आणि हातात टेप घेऊन शेजारी उभे राहा. चिमणीच्या तोंडावर प्लास्टिकची झडप असते, दोन अर्धवर्तुळांची. ती वाहतुकीसाठी टेपने चिकटवलेली असते आणि ती टेप काढायची राहून जाते. बोटाने दोन्ही पाळ्या उघडून, मिटवून बघा. पाईप झडपेवर इतका खाली सारलेला नको की तिला उघडायला जागाच उरणार नाही.

पाईप झाकणारा उभा पत्रा लावायच्या आधी चिमणी चालू करा. सगळ्या जोडांजवळून पेटती उदबत्ती हळूहळू फिरवा. कुठे धूर फेकला जात असेल तर तिथे फट आहे, आत्ताच टेप लावून घ्या. मग बाहेरच्या तोंडापाशी, हात पोहोचत असेल तर, हवेचा जोर बघा. आत फिल्टरखाली वर्तमानपत्राचं पान धरा. चिमणीने ते खालच्या वेगावरही धरून ठेवायला हवं. आता खिडकी बंद करून आणि उघडून तेच करा, आठवी पायरी डोळ्यांनी दिसेल.

खरी परीक्षा कढईची. तेल तापवून मोहरी, हिंग, दोन सुक्या मिरच्या टाका आणि दिवाणखान्यात जाऊन बसा. चिमणी फोडणीच्या दोन-तीन मिनिटं आधी चालू केलेली असावी, आणि गॅस बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं चालू राहू द्यावी. पाईपमधली वाफ त्यामुळे बाहेर पडते.

ऑटोक्लीनचं बटण चिमणीच्या पोटातलं तेल वितळवतं, पाईपचं नाही. दिवाळीच्या सफाईत टोपी आणि जाळी काढून पुसा, टॉर्च घेऊन आत बघा. लवचीक पाईप घडीघडीत काळा दिसत असेल तर बदला. बसवल्याची तारीख, पाईपची लांबी आणि भोकाचं माप झाकणाच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाईप आणायला कोण जाईल त्याला ते लागेल.